शोकसभेत घर बोलत नाही

पूर्व विदर्भात माणूस गेला की मोक्षधामावर शोकसभा होते. मोहाडी असो, तुमसर असो की पवनी, रीत तीच. चिता पेटते, कुणीतरी पुढे होतो, चार-पाच जण बोलतात, दोन मिनिटे मौन होते आणि लोक पांगतात. गेलेला माणूस तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन असा कुणी असेल, तर भाषणांत दोन गोष्टी हमखास येतात. ते अत्यंत कुटुंबवत्सल होते आणि त्यांनी आयुष्यभर लोकांची सेवा केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छोटी बातमी येते. तिच्या शेवटी पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा आप्तपरिवार असतो. मग तेरवी होते. वर्षाने पुण्यस्मरणाचा फलक चौकात लागतो.

या रीतीबद्दल मला मनापासून आदर आहे. शेतीची कामे टाकून, उन्हातान्हात उभे राहून गाव आपल्या माणसाला निरोप देते, ही लहान गोष्ट नाही. भाषणांतली ती दोन वाक्येही बहुधा खरीच असतात. अडचण एवढीच की ती शेजारी शेजारी उभी राहतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कुणी विचारत नाही. घरावर जीव असलेला माणूस परक्यांसाठी वेळ कुठून आणत होता? तो वेळ कुणाच्या वाट्याचा होता? घरच्या प्रेमाने त्याचे काम चांगले झाले, की त्या प्रेमापायी काम बिघडण्याची वेळही कधी आली? लोकसेवकाची आठवण या प्रश्नांपासून सुरू झाली पाहिजे, असे मला वाटते. सेवेची किंमत पगारात भागत नाही. तिचा मोठा हिस्सा घर भरते. तो हिस्सा नोंदवल्याशिवाय माणसाची आठवण अपुरी राहते, आणि सेवा कशी करावी हे पुढच्या पिढीलाही कळत नाही.

मोहाडी हे भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. चौंडेश्वरीचे देऊळ, नवरात्रातली गर्दी, आसपास धानाच्या बांध्या, आंधळगावचे कोशाचे माग, पूर्वेला वैनगंगा. अशा तालुक्यात सरकार म्हणजे मंत्रालय नव्हे. सरकार म्हणजे सातबारा देणारा तलाठी, रोवणी बुडाल्यावर पंचनाम्याला बांधावर येणारा कर्मचारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी, लसीचा डबा घेऊन फिरणारी परिचारिका. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा जिल्ह्यातल्या शेकडो घरांना सरकार दिसले ते याच माणसांच्या रूपाने. पंचनाम्यातला एक आकडा चुकला तर एका घराचे वर्ष चुकते. फेरफाराची नोंद वेळेवर झाली नाही तर दोन भाऊ कोर्टात जातात. हे काम चांगले झाले की त्याचा गवगवा होत नाही, कारण जे संकट टळले ते कुणी पाहिलेलेच नसते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १० बालके दगावली, सात वाचवता आली. जिल्ह्याच्या काळजावरचा तो डाग अजून ओला आहे. त्या रात्रीने एक गोष्ट फार कठोरपणे शिकवली. तारा तपासणे, यंत्रे वेळेवर दुरुस्त करून घेणे, रात्री जागे राहून फेरी मारणे या कामांवर जीव अवलंबून असतात. ज्या असंख्य रात्री काही घडले नाही, त्या रात्री कुणीतरी आपले काम केले होते. त्याचे नाव कुठल्याही फलकावर नाही. म्हणून शोकसभेत ‘सेवाभावी’ म्हणून थांबणे पुरेसे नाही. त्या माणसाने नेमके काय केले, कोणती चूक होऊ दिली नाही, कोणत्या कागदावर सही करायला नकार दिला, हे सांगावे लागते. ते सांगितले नाही तर चांगुलपणा हा स्वभावाचा गुण ठरतो आणि तो शिकता येतो हेच विसरले जाते.

असे आपण पूर्वीपासून करत आलो आहोत. मराठी मनातला सर्वांत प्रिय सरकारी अधिकारी कोण, असे विचारले तर उत्तर दामाजीपंत असेच येईल. मंगळवेढ्याचा हा कारभारी दुष्काळात सरकारी कोठारे उघडतो, उपाशी लोकांना धान्य वाटतो. बादशहाचे बोलावणे येते आणि विठोबा विठू महाराचे रूप घेऊन बिदरला जाऊन सारी रक्कम भरतो. आख्यायिका सुंदर आहे. पण तिच्या सौंदर्याने आपले एक नुकसान केले. विठोबा धावला म्हणून आपण निश्चिंत झालो. कोठाराची किल्ली हातात घेतली त्या क्षणी विठोबा येणार आहे हे दामाजीपंतांना ठाऊक नव्हते. ठाऊक होती ती शिक्षा. त्या रात्री त्यांच्या घरात काय बोलणे झाले असेल? पत्नीने अडवले की साथ दिली? घरावर जप्ती आली असती तर कुटुंब कुठे गेले असते? कथेने चमत्कार जपला आणि निर्णय घेणाऱ्या माणसाची व त्याच्या घराची भीती गाळून टाकली. खरे तर धैर्य त्या भीतीतच होते. कायदा आणि भूक यांत निवड करायची वेळ आजच्या कर्मचाऱ्यावरही येते. त्याच्या मदतीला दामाजीपंतांचा चमत्कार येत नाही, त्यांचा निर्णय मात्र येऊ शकतो.

घराची किंमत न मोजण्यामागे एक जुना आदर्शही आहे. लोकांसाठी झटायचे तर घरावर पाणी सोडावे, असे आपण मानतो. गाडगेबाबांनी मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकूनही कीर्तन चालू ठेवले, हा प्रसंग विदर्भात घरोघरी सांगितला जातो. बाबांच्या थोरवीपुढे मी नतमस्तक आहे. पण तो संसारातून उठून गेलेल्या माणसाचा मार्ग होता. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला तीच फूटपट्टी लावली तर दोन अनर्थ होतात. घरासाठी हळवा झालेला कर्मचारी स्वतःला कमी समजू लागतो. आणि घराकडे साफ दुर्लक्ष करणाऱ्याला आपण थोर ठरवून मोकळे होतो.

हा वाद जगात फार जुना आहे. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यात रक्षकांना स्वतःचे कुटुंबच नको, असे सुचवले. आपले घर असले की माणूस पक्षपाती होतो, ही त्याची धास्ती. त्याच्याच शिष्याने, ॲरिस्टॉटलने, त्याला उत्तर दिले की जे सगळ्यांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. सगळी मुले सगळ्यांची झाली तर कुणाचेच मूल कुणाचे राहणार नाही आणि माया पातळ होईल. मला ॲरिस्टॉटलचे म्हणणे आपल्या मातीला जवळचे वाटते. समर्थ रामदास स्वतः बोहल्यावरून निघून गेले, तरी दासबोधात त्यांनी प्रपंच नेटका करण्याचाच उपदेश केला. पैठणच्या एकनाथांनी संसारात राहूनच लोकांना जवळ केले, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, म्हणजे आजच्या भाषेत पगारी अधिकारी. भंडाऱ्याच्या गावागावांत ज्यांची सामुदायिक प्रार्थना होते त्या तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत एक अध्याय संसार आणि परमार्थ यांच्या नात्यासाठी ठेवला. आजारी मुलाच्या उशाशी जागलेल्या परिचारिकेला दुसऱ्याच्या मुलाचे कण्हणे वेगळे ऐकू येते. माया आधी घरात शिकली जाते, मग ती उंबरठा ओलांडते.

पण ती उंबरठा ओलांडते कशी आणि कुठे अडखळते, हे सांगणारे लेखन आपल्याकडे फार थोडे आहे. त्यातले सर्वांत मोलाचे पुस्तक एका पत्नीने लिहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. सरकारी न्यायखात्यात त्यांनी उभी हयात घालवली आणि त्याच वेळी महाराष्ट्राच्या बहुतेक सुधारणांना हात लावला. देशभर श्रद्धांजलीची भाषणे झाली. नऊ वर्षांनी, १९१० मध्ये, रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. भाषणांत जे नव्हते ते त्यात आले.

रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा लोकांची अपेक्षा होती की आता ते स्वतः विधवेशी लग्न करतील. वडिलांनी त्याच वर्षी त्यांचे लग्न ११ वर्षांच्या मुलीशी लावून दिले. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते. वडिलांचे मन त्यांना मोडवले नाही. ही मुलगी म्हणजे रमाबाई. रानड्यांच्या सार्वजनिक आयुष्यातला सर्वांत मोठा पराभव कोणत्या सभेत झाला नाही, तो घरातल्या प्रेमापोटी झाला. कुटुंबवत्सल हा शब्द आपण जितक्या सहज उच्चारतो, तितका तो सोपा नाही, हे इथे कळते. त्याच माणसाने त्या मुलीला लग्नानंतर लगेच लिहायला-वाचायला शिकवले, पुढे इंग्रजी शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा या शिक्षणाला कडवा विरोध होता. टोमणे, अबोला, हेटाळणी हे सारे रमाबाईंनी सोसले. पती कोर्टात आणि सभांत असताना सुधारणेची लढाई माजघरात लढली जात होती, आणि तिथे लढत होती ती शिकणारी मुलगी.

वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर सरकारला रानड्यांचाही संशय आला. १८७९ मध्ये त्यांची धुळ्याला बदली झाली, त्यांच्या पत्रव्यवहारावर नजर ठेवली गेली. बदली ही कार्यालयाच्या कागदावर एक ओळ असते. घरात ती सामानाची बांधाबांध असते, तुटलेला शेजार असतो, मनातली अनामिक भीती असते. रमाबाईंनी ती आपल्याला दाखवली. पुढे पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याच्या प्रकरणात रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनी त्यांना बोल लावला. रमाबाईंनी तोही प्रसंग गाळला नाही. त्यांची पतीवर निस्सीम भक्ती होती. तरीही त्यांनी पतीला देव केले नाही. म्हणून आज शतकानंतरही रानडे आपल्याला माणूस म्हणून भेटतात. अडलेला, वाकलेला, पुन्हा उभा राहिलेला माणूस. अशा माणसाकडून शिकता येते. आणि रमाबाई केवळ आठवणी सांगून थांबल्या नाहीत. पुण्याच्या सेवासदनातून त्यांनी हजारो स्त्रियांच्या शिक्षणाची वाट उघडली. पतीच्या घरात जे शिकल्या, जे सोसले, त्याचे त्यांनी सार्वजनिक काम केले.

रमाबाईंचे जन्मगाव देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही तिथलाच, १२ मार्च १९१३ चा. जून १९४२ मध्ये त्यांचे वेणूताईंशी लग्न झाले आणि दोन महिन्यांत ऑगस्टची चळवळ पेटली. यशवंतराव भूमिगत झाले. नव्या नवरीला पोलिसांनी पकडले, कोठडी तिच्या वाट्याला आली, आणि त्या दिवसांनी तिची प्रकृती खचली. १९४३ मध्ये आजारी पत्नीला भेटण्यासाठी यशवंतराव फलटणला गेले आणि तिथेच पकडले गेले. चळवळीच्या शिस्तीने पाहिले तर ती चूक होती. माणूस म्हणून पाहिले तर त्या भेटीशिवाय पुढचे यशवंतराव मला कल्पिताच येत नाहीत. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून त्यांच्या काळात १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून अमलात आला. मोहाडीच्या पंचायत समितीत आज जो कारभार चालतो त्याचे मूळ त्या कायद्यात आहे. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या. यशवंतरावांनी कराडला त्यांच्या नावे स्मारक उभे करण्याचे ठरवले आणि आपला ग्रंथसंग्रहही तिथे दिला. नोव्हेंबर १९८४ मध्ये ते स्वतः गेले. राज्याच्या इतिहासात स्वतःचे नाव पक्के झालेल्या माणसाने पत्नीच्या नावासाठी जागा केली. आपल्या सेवेचा हिशेब त्यांनी असा पुरा केला.

भंडाऱ्याच्या लोकांना आणखी एका घराची आठवण ठेवायला कारण आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. जिल्ह्याच्या मनात ती हार अजून सलते. देशाचा पहिला कायदेमंत्री, राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष या मातीतून मते मागत फिरला. तोवर रमाबाई आंबेडकरांना जाऊन १९ वर्षे झाली होती. पती परदेशी शिकत असताना गरिबीत घर ओढणाऱ्या, पाचांपैकी चार मुले गमावलेल्या रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. राजकारणावरचा तो अत्यंत तर्ककठोर ग्रंथ. त्याच्या पहिल्या पानावर आपल्या रामूचे नाव लिहावे असे त्यांना वाटले. ज्या अभ्यासाच्या बळावर ते देशासाठी उभे राहिले, त्या अभ्यासाचे दिवस कुणी पेलले, हे ते विसरले नव्हते.

ही थोरामोठ्यांची उदाहरणे मोहाडीच्या एखाद्या गुरुजींना लांबची वाटतील. त्यांच्या घरातला पेच वेगळा दिसतो, पण जात तीच आहे. नोकरी तालुक्यात, मुलांचे शिक्षण भंडाऱ्याला किंवा नागपूरला. मुख्यालयी राहावे असा नियम, आणि रोजचे अपडाउन ही वस्तुस्थिती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा शिक्षक स्वतःचे मूल दुसरीकडे घालतो. ते मुलावरच्या प्रेमापोटीच. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्या निर्णयाने शाळेचा एक मोठा आधार जातो, हेही खरे. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी सेवकांची, लोकप्रतिनिधींची, न्यायाधीशांची मुले सरकारी शाळांतच शिकावीत, असा आदेश दिला होता. सक्तीने हे घडेल असे मला वाटत नाही. पण त्या आदेशामागचा विचार पटणारा आहे. आपले मूल ज्या वर्गात बसते त्याचे छप्पर गळू देत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. घराची माया सार्वजनिक संस्थेत आणून बसवली की संस्था सुधारते. जो शिक्षक असे करतो, त्याने दोन कर्तव्यांतली भिंत स्वतःच्या हाताने पाडलेली असते. शोकसभेत सांगावी अशी गोष्ट ही आहे.

याची काळी बाजूही बोलली पाहिजे. लाच घेणारा माणूस बहुधा मुलांसाठीच घेतो. मुलीचे लग्न, मुलाचे महाविद्यालय, नागपूरचा फ्लॅट. घरात तो प्रेमळ बाप असतो, आणि मयतीत त्यालाही कुटुंबवत्सल म्हटले जाते. म्हणून घरावरचे प्रेम हे आपोआप सद्गुण ठरत नाही. ज्या धान उत्पादकाचे काम पैशाशिवाय पुढे सरकले नाही, त्याच्याही घरात मुले होती. आपल्या लेकरांची भूक दिसते आणि समोरच्याच्या लेकरांची दिसत नाही, तिथे माया उंबरठ्यातच अडून राहिली. खऱ्या कुटुंबवत्सल सेवकाची खूण अशी की आपल्या घरामुळे त्याला परक्याचे घर दिसू लागते.

इथे कुणी म्हणेल, मेलेल्या माणसाचा असा हिशेब मांडणे बरे नव्हे. दुःखाच्या घडीला दोष काढू नयेत आणि घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत. पहिली हरकत मला मान्य आहे. चितेसमोर दोष काढायचेच नाहीत. मी मागतो ती नोंद आहे. दुसऱ्या हरकतीला मात्र उत्तर दिले पाहिजे. घराची गोष्ट घरानेच, आपल्या मर्जीने, आपल्या वेळेला सांगायची आहे. रमाबाई रानड्यांनी नऊ वर्षे घेतली. प्रश्न असा आहे की ते सांगायला आपण जागा ठेवली आहे का? आपल्याकडच्या बहुतेक घरांत मोक्षधामावर बायका येत नाहीत. शोकसभेत सगळे पुरुष बोलतात. तेरवीला बाई घरात पाहुण्यांच्या मधे हरवलेली असते. ज्या माणसाच्या सेवेचा निम्मा भार जिने उचलला, तिचे एक वाक्यही त्याच्या स्मरणात येत नाही. बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला स्त्री-पुरुष एकत्र बसतात; त्या प्रथेतून सगळ्यांनाच घेण्यासारखे आहे. शिवाय आज अनेक घरांत सेवकच ती असते. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशा. तिच्या मागे राहिलेल्या पतीनेही सांगावे की ती रात्रीबेरात्री बाळंतपणाला गेली तेव्हा चूल कुणी पेटवली.

आणि या नोंदीचा फायदा केवळ भावनेचा नाही. घराने किती सोसले हे उघड झाले की शासनाला विचारता येते, इतके सोसावे का लागले? मुख्यालयी राहा म्हणता, तर राहण्याजोगे घर दिले का? निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण सगळे शिक्षकाच्याच माथी का? चांगल्या माणसाच्या त्यागावर व्यवस्था चालवणे हा व्यवस्थेचा आळस आहे. त्यागाचे गोडवे गाताना आपण त्या आळसाला माफी देत असतो.

म्हणून मोहाडीसारख्या गावाने काही साध्या गोष्टी सुरू कराव्यात. शोकसभेत एका सहकाऱ्याने गेलेल्या माणसाचे एक काम सविस्तर सांगावे: कोणत्या वर्षी, कोणत्या गावात, काय अडले होते आणि ते त्याने कसे सोडवले. पहिल्या पुण्यस्मरणाला, जेवणावळीपूर्वी, घरातल्यांना बोलायला बोलवावे, आणि पहिला मान पत्नीला, लेकीला, सुनेला द्यावा. ते बोलणे शाळेतल्या थोरल्या मुलांनी लिहून घ्यावे. गावाच्या वाचनालयात त्याची वही राहावी. दहा वर्षांत त्या वहीतून तालुक्याचा असा इतिहास उभा राहील जो कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही. नव्याने रुजू झालेल्या तलाठ्याने, ग्रामसेवकाने ती वही वाचावी. पूर कसा हाताळला, दबाव कसा परतवला, चुकले तेव्हा काय केले, आणि घर कसे सांभाळले किंवा कुठे सांभाळता आले नाही, हे त्याला आपल्याच गावच्या माणसांकडून कळेल.

चांगल्या लोकसेवकाला देव्हाऱ्यात बसवले की तो आपल्याकडून काही मागत नाही. त्याला माणूस म्हणून, त्याच्या घरासकट लक्षात ठेवले, तर तो आपल्याकडूनही तसेच वागण्याची अपेक्षा करू लागतो. त्या अपेक्षेला सामोरे जाण्याची तयारी हीच त्याला वाहिलेली खरी श्रद्धांजली.